बर्लिनच्या जुन्या राष्ट्रीय चित्रदालनात पहिल्यांदा जाताना : सोलापूरकरांसाठी मार्गदर्शन

नोकरी किंवा उच्च शिक्षणानिमित्त जर्मनीत राहणाऱ्या मुलांकडे सोलापुरातून आई-वडील, सासू-सासरे, कधी आजी-आजोबाही महिना-दोन महिन्यांसाठी जातात आणि त्या मुक्कामात बर्लिनची एक फेरी ठरलेली असते. ब्रांडेनबुर्ग दरवाजा, भिंतीचे अवशेष आणि संसदेचा काचेचा घुमट एवढे पाहून झाले की ‘आता एखादे म्युझियम पाहू’ असे म्हणत मंडळी श्प्रे नदीतील संग्रहालयांच्या बेटावर पोहोचतात आणि समोर दिसेल त्या रांगेत उभी राहतात. ज्यांनी युरोपीय चित्रकलेविषयी काही वाचलेले नाही, परंतु एका सकाळीत एकोणिसाव्या शतकातील चित्रे आणि शिल्पे नीट पाहून यावीत अशी ज्यांची इच्छा आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. त्या बेटावरील ‘आल्टे नात्सिओनालगालेरी’, म्हणजे जुने राष्ट्रीय चित्रदालन, हे माझ्या मते अशा पाहुण्यांना सर्वांत योग्य ठिकाण होय. कारण तेथील सर्वांत मोलाच्या काही चित्रांचा विषय गिरणी, यंत्र आणि सूत हाच आहे आणि तो सोलापूरकराला कोणी समजावून सांगावा लागत नाही.

इमारत कोणती, हे आधी नक्की करावे

बेटावर पाच संग्रहालये आहेत आणि त्यांची नावे एकमेकांत सहज मिसळतात. ‘आल्टेस म्युझियम’मध्ये ग्रीक आणि रोमन वस्तू आहेत, ‘नॉयेस म्युझियम’मध्ये प्राचीन इजिप्तची राणी नेफर्तिती हिचा प्रसिद्ध अर्धपुतळा आहे, बोडे संग्रहालय मुख्यतः जुनी शिल्पे आणि नाणी यांसाठी आहे आणि पर्गामोन संग्रहालय ऑक्टोबर २०२३ मध्ये नूतनीकरणासाठी पूर्णपणे बंद करण्यात आले, त्यामुळे जुनी प्रवासवर्णने वाचून त्याच्याच ओढीने जाणाऱ्यांनी सद्यःस्थिती आधी पाहून घ्यावी. याखेरीज ‘नॉये नात्सिओनालगालेरी’ (म्हणजे नवे राष्ट्रीय चित्रदालन) नावाचे आणखी एक दालन बेटापासून बऱ्याच अंतरावर, पोट्सडामर चौकाच्या बाजूला आहे. ते १९६८ मध्ये उघडले आणि तेथे विसाव्या शतकातील कला आहे. मोबाइलच्या नकाशावर नाव टाकताना ‘आल्टे’ आणि ‘नॉये’ यांत गफलत झाली तर अर्धा दिवस फुकट जातो, म्हणून बोडेश्ट्रासे हा रस्त्याचा पत्ताही सोबत टाकावा. भुयारी रेल्वेच्या पाचव्या क्रमांकाच्या मार्गावर २०२१ मध्ये ‘म्युझेउम्सइन्झेल’ हे स्थानक सुरू झाले आहे. शहरी रेल्वेने येणाऱ्यांना हाकेशर मार्क्ट हे स्थानक सोयीचे पडते. दोन्हीकडून चालत जाण्याइतकेच अंतर आहे.

सोलापुरात असतानाच करण्याची तयारी

निघण्यापूर्वी सवड असेल तर सातारा जिल्ह्यातील औंध येथील श्री भवानी संग्रहालय एकदा पाहावे, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. पंढरपूर, म्हसवड, दहिवडी या मार्गाने सकाळी लवकर निघाल्यास हे एका दिवसात होते आणि यमाईचे दर्शनही घडते. औंधचे संस्थानिक भवानराव पंतप्रतिनिधी हे स्वतः चित्रकार होते. त्यांनी जमवलेला संग्रह १९३८ मध्ये यमाईच्या डोंगरावर बांधलेल्या या संग्रहालयात मांडला गेला आणि त्यात राजा रविवर्मा, धुरंधर यांच्यापासून हेन्री मूर यांच्या दगडी शिल्पापर्यंत बरेच काही आहे. युरोपात एकोणिसाव्या शतकात अकादमींतून शिकवल्या जाणाऱ्या तैलरंगाच्या पद्धतीशी आपला परिचय रविवर्मा आणि मुंबईचे जे. जे. कलाविद्यालय यांच्या मार्फतच झालेला आहे. जरीच्या पदरावर पडलेला उजेड रंगाने कसा उभा करतात, हे औंधला जवळून पाहिले असेल, तर बर्लिनमध्ये डोळा बिचकत नाही.

दुसरी तयारी थोड्याशा इतिहासाची आहे. योहाखिम वागेनर हे बर्लिनमधील एक सावकार आणि वाणिज्यदूत होते. १८६१ मध्ये मृत्यू झाला तेव्हा त्यांनी आपल्या संग्रहातील २६२ चित्रे प्रशियाच्या (बर्लिन ही ज्याची राजधानी होती त्या तेव्हाच्या जर्मन राज्याच्या) राजाला दिली आणि ती सार्वजनिक दालनात ठेवावीत अशी इच्छा व्यक्त केली. त्यातून या संस्थेची सुरुवात झाली. इमारतीचा आराखडा श्ट्युलर या वास्तुविशारदाचा होता. त्याच्या मृत्यूनंतर श्ट्राक याने काम पूर्ण केले आणि मार्च १८७६ मध्ये दालन उघडले. आपल्याकडे सोलापूरची जुनी गिरणी सुरू झाली ती १८७७ मध्ये, म्हणजे काळ नेमका तोच. दुसऱ्या महायुद्धात इमारतीची मोठी हानी झाली. युद्धानंतर ती पूर्व बर्लिनमध्ये राहिली, संग्रह शहराच्या दोन भागांत विभागला गेला, आणि जर्मनी एक झाल्यानंतर मोठी दुरुस्ती होऊन २००१ च्या अखेरीस ती पुन्हा उघडली. एवढे ठाऊक असले तरी पुरेसे आहे.

दिवस, तिकीट आणि सामान

सोमवारी दालन बंद असते. हे लक्षात न ठेवता शनिवार-रविवारला जोडून सोमवारी जाणारी कुटुंबे अनेक दिसतात. शक्य असल्यास मंगळवार ते शुक्रवार यांपैकी एखादा दिवस निवडावा आणि दार उघडण्याच्या वेळेला पोहोचावे. दुपारनंतर शाळांचे आणि पर्यटकांचे गट येऊ लागतात. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रवेश विनामूल्य असतो, असे अजूनही कोणी सांगते. ती योजना २०२४ च्या अखेरीस बंद झाली. अठरा वर्षांखालील मुलांना तिकीट लागत नाही, मात्र वयाचा पुरावा जवळ असावा. दर आणि वेळा बदलत असल्याने त्या संकेतस्थळावर आदल्या दिवशी पाहाव्यात आणि तिकीट तेथूनच काढावे. तीन दिवस बर्लिनमध्ये राहून आणखी संग्रहालये पाहायची असतील, तर शहरातील अनेक संग्रहालयांसाठी एकत्रित असा तीन दिवसांचा पास मिळतो. परंतु एका दिवसात चार ठिकाणे उरकण्याच्या मोहाने तो घेऊ नये.

पाठीवरची पिशवी, छत्री आणि साधारण वहीच्या कागदापेक्षा मोठी कोणतीही पिशवी आत नेता येत नाही. ती लॉकरमध्ये ठेवावी लागते आणि काही लॉकरना एक किंवा दोन युरोचे नाणे लागते, म्हणून सुटे जवळ बाळगावेत. पाण्याची बाटली आणि खाण्याचे पदार्थही दालनात चालत नाहीत. कडक भाकरी आणि शेंगाचटणी बरोबर नेली असेल (आणि सोलापूरचे लोक ती नेतातच), तर ती लॉकरमध्येच राहू द्यावी आणि पाहून झाल्यावर बाहेरच्या खांबांच्या ओवरीने वेढलेल्या अंगणात किंवा जवळच्या लुस्टगार्टन बागेत बसून खावी. छायाचित्रे स्वतःपुरती, फ्लॅशशिवाय काढता येतात. हिवाळ्यात जाड कोट आत घालून फिरू नये. दालने उबदार असतात आणि अर्ध्या तासात घामाने जीव नकोसा होतो.

पायऱ्या चढण्याआधी थोडे थांबावे

ही इमारत एका उंच जोत्यावर उभारलेल्या देवळासारखी दिसते. समोर दुहेरी जिना, त्यावर प्रशियाचा राजा चौथा फ्रीडरिश विल्हेल्म याचा १८८६ मध्ये बसवलेला घोड्यावरील पुतळा आणि वर ‘जर्मन कलेला’ अशा अर्थाचा लेख, त्याखाली रोमन आकड्यांत १८७१. ते वर्ष जर्मन साम्राज्याच्या स्थापनेचे आहे. इमारतीचे काम त्यापूर्वी सुरू झाले आणि त्यानंतर संपले, तरी वर कोरण्यासाठी तेच वर्ष निवडले गेले, यावरून बांधणाऱ्यांच्या मनात काय होते ते कळते. जिना भव्य असला तरी प्रवेश त्यावरून नसून त्याखालच्या दाराने आहे, हे गुडघेदुखी असलेल्यांना आधीच सांगून ठेवावे. आत लिफ्ट आहे.

वरून खाली यावे

तिकीट दाखवून आत गेल्यावर दालनाचा नकाशा घ्यावा, लिफ्टने थेट सर्वांत वरच्या मजल्यावर जावे आणि तेथून उतरत यावे. साधारणपणे शतकाच्या सुरुवातीची चित्रे वर आहेत, मधल्या मजल्यावर ब्योकलीनसारखे नंतरचे चित्रकार आणि फ्रेंच चित्रे, तर खाली मेन्झेलची चित्रे आणि शिल्पे. खोल्यांचे क्रमांक मी मुद्दाम देत नाही, कारण चित्रे इतर संग्रहालयांना प्रदर्शनासाठी उसनी जातात आणि मांडणी बदलते. चित्राचे नाव कागदावर लिहून रखवालदाराला दाखवले तर ते जागा दाखवतात. भाषेची अडचण येत नाही.

वरच्या मजल्यावर कास्पार डाव्हिड फ्रीडरिश याच्या चित्रांची खोली प्रथम शोधावी. ‘समुद्रकाठचा भिक्षू’ हे चित्र त्याने १८०८ ते १८१० या काळात रंगवले. सुमारे ११० सेंटीमीटर उंच आणि १७१ सेंटीमीटर रुंद असलेल्या या चित्रात वाळूवर उभा असलेला एक लहानसा माणूस आहे, मग काळ्या समुद्राची अरुंद पट्टी, आणि उरलेला जवळपास सगळा भाग आकाशाचा. नव्या प्रेक्षकाला प्रथम ‘यात आहे काय?’ असाच प्रश्न पडतो. क्ष-किरणांच्या तपासणीत असे आढळले की फ्रीडरिशने आधी समुद्रात गलबतेही काढली होती आणि नंतर ती पुसून टाकली. म्हणजे हे रिकामेपण त्याने काढून-काढून मिळवलेले आहे. १८१० मध्ये बर्लिनच्या अकादमीच्या प्रदर्शनात हे चित्र आणि त्याचे जोडचित्र ‘ओकच्या वनातील मठ’ एकत्र मांडले गेले आणि प्रशियाच्या राजाने दोन्ही विकत घेतली. दोन्ही चित्रांवरचा पिवळा पडलेला जुना वार्निश काढण्याचे काम २०१६ पर्यंत चालले होते, त्यामुळे जुन्या पुस्तकांतील छपाईपेक्षा रंग आता वेगळे दिसतात. याच खोल्यांत त्याचे ‘खिडकीतील स्त्री’ हे १८२२ चे छोटे चित्र असते. आपल्याकडे पाठ करून खिडकीबाहेर पाहणारी ही स्त्री त्याची पत्नी कारोलीन. या चित्राजवळ जाऊन पाहावे आणि भिक्षूच्या चित्रापासून मात्र पाच-सहा पावले मागे सरावे.

वास्तुविशारद शिंकेल याची चित्रे चाळत पुढे गेले तरी चालेल. त्याचे मोठे काम इमारतींचे आहे, आणि बाहेर पडल्यावर त्याच बेटावरचे आल्टेस म्युझियम दिसेल, तेही त्याचेच. परंतु कार्ल ब्लेशेन याचे एबर्सवाल्डेजवळच्या लोखंडाच्या गिरणीचे चित्र चुकवू नये. ते वहीच्या पानाएवढे लहान असल्याने बहुतेक लोक त्याच्यासमोरून न थांबता निघून जातात. साधारण १८३० मध्ये काढलेल्या या चित्रात पाण्याच्या काठी कारखान्याच्या इमारती, धूर ओकणारी चिमणी आणि पुढच्या बाजूस नावेतील माणसे आहेत. डोंगर, भग्न मठ आणि चांदणे यांनी भरलेल्या त्या मजल्यावर चिमणी निसर्गचित्राचा भाग होऊन येते ती येथे. हे चित्र डोळ्यांत ठेवूनच खाली उतरावे.

मधल्या मजल्यावर आर्नोल्ड ब्योकलीन याचे ‘मृतांचे बेट’ आहे. त्याने या विषयाची अनेक रूपे काढली. येथले तिसरे, १८८३ चे. हिटलरने १९३६ मध्ये ते विकत घेतले होते, आणि ही माहिती ऐकूनच लोक तेथे गर्दी करतात. मला ते चित्र त्याच्या कीर्तीएवढे मोठे वाटत नाही, पण पाहायला हरकत नाही.

अधिक वेळ फ्रेंच चित्रांना द्यावा. हुगो फॉन चुडी हे १८९६ मध्ये या दालनाचे संचालक झाले आणि त्याच वर्षी त्यांनी एदुआर माने याचे ‘काचघरात’ हे १८७९ चे चित्र मिळवले. झाडांनी भरलेल्या काचघरात बाकावर बसलेली बाई आणि बाकाच्या पाठीवर वाकून उभा असलेला तिचा नवरा, एवढाच त्याचा विषय आहे. दोघांच्या हातांतील अंतराकडे मात्र लक्ष द्यावे. पॅरिसमधली सरकारी संग्रहालये अशा चित्रांना नाके मुरडत होती, तेव्हा ‘जर्मन कलेला’ असे कोरलेल्या इमारतीत ती येऊन बसली. सम्राट दुसरा विल्हेल्म याला हे रुचले नाही, खटके उडत राहिले आणि १९०९ मध्ये चुडी म्युनिकला निघून गेले. माने, मोने, रन्वार, सेझान यांची चित्रे आज तेथे आहेत ती बऱ्याच अंशी त्यांच्या हट्टामुळे.

सूत आणि लोखंड

माक्स लिबरमान याचे ‘लारेनमधील जवसाची कोठी’ हे १८८७ चे मोठे चित्र ज्या मजल्यावर असेल तेथे विचारून गाठावे. हॉलंडमधील एका लांबट, बुटक्या खोलीत खिडक्यांशेजारी बसलेली मुले चाके फिरवत आहेत आणि लाकडी तळव्यांचे जोडे घातलेल्या स्त्रिया उभ्याने, हातातील तंतूंच्या पुंजक्यातून सूत ओढत आहेत. ज्या जवसाची आपण चटणी करतो, त्याच झाडाच्या खोडापासून हा धागा निघतो. सोलापूरच्या पूर्वभागात, विणकरांच्या वस्तीत, ज्यांनी घरातल्या मागाशेजारी कांड्या भरणाऱ्या मुली आणि म्हाताऱ्या पाहिल्या आहेत, त्यांनी या चित्रातील सुताच्या रेषा नीट पाहाव्यात. त्या इतक्या बारीक आहेत की काही ठिकाणी उजेडात विरून जातात. लिबरमानने कोणाचीही कीव केलेली नाही आणि कोणाला शोभिवंतही केलेले नाही. मुलांच्या हाताला काम आहे, एवढेच तो दाखवतो.

आणि मग आडोल्फ मेन्झेल याची ‘लोखंडाची गिरणी’. १८७२ ते १८७५ या काळात रंगवलेले हे चित्र सुमारे दीड मीटर उंच आणि अडीच मीटर रुंद आहे, आणि पूर्ण झाले त्याच वर्षी दालनाने ते विकत घेतले. स्थळ आहे अप्पर सिलेशियातील क्योनिग्सह्युटे, जे आज पोलंडमध्ये खोझुफ या नावाने ओळखले जाते. काम आहे रेल्वेचे रूळ लाटण्याचे. मेन्झेलने तेथे जाऊन शंभराहून अधिक रेखाटने केली होती. चित्रासमोर पहिल्यांदा उभे राहिल्यावर धूर, पट्टे, चाके आणि माणसे यांचा नुसता गोंधळ दिसतो, म्हणून पुढील क्रमाने पाहावे. आधी मधला तापलेला लोखंडाचा गोळा शोधावा, जो चिमट्यांनी धरून लाटण्याच्या यंत्रात सारला जात आहे; चित्रातील उजेडाचा मुख्य उगम तोच आहे आणि जवळच्या चेहऱ्यांवरची तांबूस झाक त्याचीच आहे. नंतर डाव्या बाजूला पाहावे, तेथे पाळी संपलेले कामगार उघड्या अंगाने धूत-पुसत आहेत. त्यानंतर उजवीकडचा खालचा कोपरा : लोखंडी पत्र्याच्या आडोशाला काही जण डबा खात आहेत, आणि जेवण घेऊन आलेली तरुणी मान वर करून सरळ आपल्याकडे पाहत आहे. सर्वांत शेवटी मागच्या भागात टोपी घातलेला, कशालाही हात न लावणारा साहेब शोधावा. तो सापडायला वेळ लागतो आणि तसाच तो रंगवलेला आहे.

जुनी गिरणी, लक्ष्मी-विष्णू किंवा नरसिंग गिरजी येथे ज्यांच्या घरातील कोणी कामाला होते, त्यांना या चित्रातील पाळीची अदलाबदल, घाईने उरकलेले जेवण आणि जॉबरची नजर यांचा अर्थ भिंतीवरच्या पाटीत शोधावा लागणार नाही. वयस्कर माणसे बरोबर असतील तर येथे त्यांनाच बोलू द्यावे आणि मुलांनी ऐकावे. ब्लेशेनची गिरणी पाण्यापलीकडून, बाहेरून पाहिलेली होती. मेन्झेल आपल्याला खात्यात आत नेऊन उभे करतो, आणि दोहोंत सुमारे पंचेचाळीस वर्षांचे अंतर आहे. हे दोन तुकडे जोडून पाहता यावेत म्हणूनच वरून खाली येण्याचा क्रम सुचवला आहे.

मेन्झेलची इतर चित्रे त्याच परिसरात असतात. राजवाड्यात बासरी वाजवणाऱ्या, अठराव्या शतकातील प्रशियाचा राजा दुसरा फ्रेडरिक याचे १८५०-५२ चे चित्र प्रसिद्ध आहे, आणि मेणबत्त्यांच्या उजेडासाठी ते पाहावे. त्याहून ‘सज्जाची खोली’ हे १८४५ चे लहान चित्र मला अधिक आवडते : उघडे दार, वाऱ्याने फुगलेला पडदा, आरसा आणि दोन खुर्च्या, माणूस कोणीच नाही.

शिल्पे पाहण्याची पद्धत

नवे प्रेक्षक शिल्पाला समोरून एकदा पाहतात आणि पुढे जातात. संगमरवराभोवती पूर्ण फेरी मारावी, प्रत्येक बाजूने थोडे थांबावे आणि पृष्ठभाग कोठे गुळगुळीत ठेवला आहे व कोठे खरबरीत, ते पाहावे. हात लावू नये, कारण त्वचेच्या तेलाने दगडावर कायमचा डाग पडतो. सुरुवात योहान गोटफ्रीड शाडो याच्या १७९७ मध्ये पूर्ण झालेल्या ‘राजकन्यांच्या जोडी’पासून करावी. पुढे प्रशियाची राणी झालेली लुईझे आणि तिची धाकटी बहीण फ्रीडरिके अशा दोघी एकमेकींना धरून उभ्या आहेत. लुईझेच्या हनुवटीखालून बांधलेली पट्टी मानेवरची सूज झाकण्यासाठी होती, असे सांगतात. लुईझेचा पती तिसरा फ्रीडरिश विल्हेल्म राजा झाल्यावर त्याला हे शिल्प पसंत पडले नाही आणि ते बराच काळ लोकांच्या नजरेआड राहिले. इटालियन शिल्पकार कानोव्हा याची ‘हेबे’ (ग्रीक यौवनदेवता) हीही येथेच आहे, तिच्या अंगावरचे वस्त्र वाऱ्याने मागे उडते ते बाजूने पाहिल्याशिवाय कळत नाही.

एवढ्या सगळ्याला अडीच तास पुरतात. मध्ये बाकांवर बसावे. बाके त्यासाठीच आहेत आणि चित्रासमोर बसून राहिल्याबद्दल कोणी हटकत नाही.

शिल्पांची गोडी लागली असेल, तर दहा-पंधरा मिनिटांच्या अंतरावर शिंकेलने बांधलेले फ्रीडरिशवेर्डर चर्च आहे, जे २०२० मध्ये पुन्हा उघडले आणि जेथे एकोणिसाव्या शतकातील शिल्पे मांडली आहेत. तेथे प्रवेश विनामूल्य आहे. शाडोच्या राजकन्यांचा १७९५ चा मूळ प्लास्टरचा नमुना त्याच संग्रहाचा भाग आहे. संगमरवरी जोडी ताजी लक्षात असताना तो पाहिला, तर हाताने घडवलेल्या प्लास्टरपासून दगडापर्यंत जाताना काय बदलले ते स्वतःला ताडून पाहता येते. पाय दुखत असतील तर हे दुसऱ्या दिवसावर ढकलावे, मात्र त्या चर्चच्या वेळा वेगळ्या तपासाव्यात.